छोट्या व्यवसायाची वेबसाइट शोधात मागे पडली, तर आधी काय तपासावे?

सुईदोरा

नमस्कार. शिलाई मशीनची विक्री, दुरुस्ती आणि सुटे भाग असा आमचा छोटा व्यवसाय आहे. त्याची वेबसाइट बरीच जुनी होती, म्हणून गेल्या वर्षी ती नव्याने बांधून घेतली. दिसायला ती आधीपेक्षा कितीतरी देखणी झाली, परंतु गुगलवरून येणारी चौकशी मात्र हळूहळू आटत गेली. पूर्वी दुरुस्तीसाठी फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण ‘तुमची वेबसाइट पाहिली’ असे आपणहून सांगत. आता तसे क्वचितच कानावर येते.

दरम्यान एका एजन्सीने आम्हाला ‘पहिल्या पानावर आणण्याची हमी’ देणारा प्रस्ताव पाठवला आहे. दर महिन्याला ठरावीक संख्येने बॅकलिंक (इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणारे दुवे), निरनिराळ्या डिरेक्टऱ्यांत (व्यवसायांच्या ऑनलाइन याद्यांत) नोंदणी आणि मेटा कीवर्डची (पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या शोधशब्दांची) दुरुस्ती अशी कामे त्यात आहेत. पैसे खर्च करण्यापूर्वी आपण स्वतः काय आणि कोणत्या क्रमाने तपासू शकतो, आणि या प्रस्तावात कितपत तथ्य आहे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मी तांत्रिक क्षेत्रातला नाही, पण नीट समजावून सांगितलेले काम चिकाटीने करू शकेन.

कोळिष्टक

‘वेबसाइट मागे पडली’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिले म्हणजे तुमचे पान गुगलच्या इंडेक्समध्येच, म्हणजे त्याने नोंदवलेल्या पानांच्या साठ्यातच, नाही. दुसरे म्हणजे पान इंडेक्समध्ये आहे, परंतु लोक जे शोधतात त्याचे उत्तर म्हणून गुगल ते दाखवत नाही किंवा फार खाली दाखवते. तिसरे म्हणजे पान दिसते, पण त्यावर कोणी क्लिक करत नाही. यांपैकी आपले दुखणे कोणते हे ठरवण्याआधी जो कोणी इलाज सुचवतो, तो अंदाजाने बोलत असतो, मग त्याचा अनुभव कितीही असो.

हे ठरवण्यासाठी लागणारे साधन मोफत आहे. गुगल सर्च कन्सोलमध्ये वेबसाइटची मालकी सिद्ध केली की मागील १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी पाहता येते. तुमच्या वेबसाइटची नोंद तिथे पूर्वीच झालेली असेल, तर पुनर्बांधणीच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने शेजारी ठेवून तुलना करा. पाने आणि शोधशब्द या दोन्ही तक्त्यांत ती तुलना करावी. केवळ एकूण आलेख पाहून काही कळत नाही. कोणत्या पानांवरचे क्लिक गेले हे पाहिले की निम्मे निदान होते.

माझा पहिला संशय पुनर्बांधणीवरच आहे. नवी वेबसाइट बांधताना जुन्या पानांचे पत्ते, म्हणजे यूआरएल, बदलले होते का? जुना पत्ता उघडला तर ‘४०४, पान सापडले नाही’ असे येते का? शिवाय वेबसाइट वर्डप्रेसवर असेल, तर सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ या भागात शोधयंत्रांनी ही वेबसाइट इंडेक्स करू नये असे सांगणारा एक चौकोन असतो. काम चालू असताना तो टिचकवून ठेवतात आणि वेबसाइट खुली करताना काढायचे विसरतात. असे झाले असते तर तुमची पाने हळूहळू पूर्णच गायब झाली असती, त्यामुळे शक्यता कमी वाटते. तरी पाहायला काही वेळ लागत नाही.

याच्याच जोडीची एक गफलत सांगून ठेवतो. रोबॉट्स.टीएक्सटी या फाइलमध्ये एखादे पान अडवले, तर गुगलचा बॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, ते वाचत नाही. पण दुसरीकडून त्या पानाला दुवा असेल, तर नुसता पत्ता शोधात दिसू शकतो. पान शोधातून खरोखर काढायचे असेल, तर त्यावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘इंडेक्स करू नका’ असा आदेश, लावावा लागतो आणि तो वाचता यावा म्हणून बॉटला पानापर्यंत येऊही द्यावे लागते. दोन्ही एकदम लावणारे लोक पुष्कळ भेटतात.

मितभाषी

प्रस्तावाबद्दल थोडक्यात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलने स्वतःच्याच मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. क्रमांक ठरवताना मेटा कीवर्डचा उपयोग केला जात नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. ज्या प्रस्तावात त्याची ‘दुरुस्ती’ आजही विकली जाते, त्यातील बाकीच्या बाबीही मी त्याच नजरेने वाचेन.

सुईदोरा

आपण दोघांचेही मनःपूर्वक आभार. वर्डप्रेसमधील तो चौकोन तपासला. तो रिकामाच आहे. सर्च कन्सोलची नोंद जुन्या विकसकाने केली होती, त्याच्याकडून प्रवेश मिळवला आणि तुलना केली. मुखपृष्ठाच्या क्लिकमध्ये विशेष फरक नाही. जे गेले आहे ते प्रामुख्याने तीन पानांचे: एक दोरा वारंवार तुटण्याविषयीचे, दुसरे मोटार बसवण्याविषयीचे आणि तिसरे जुन्या पायमशीनच्या सुट्या भागांचे. नव्या वेबसाइटवर ही पाने स्वतंत्र उरलेलीच नाहीत. ‘आमच्या सेवा’ या एकाच पानावर प्रत्येक विषयाला चित्र आणि दोन ओळी दिलेल्या आहेत. जुन्या पत्त्यांविषयी विचारले, तेव्हा नव्या विकसकाचे म्हणणे असे पडले की सर्व जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवलेले आहेत, त्यामुळे नुकसान होण्याचे कारण नाही. हे बरोबर आहे का?

कोळिष्टक

नाही. दोरा का तुटतो याचे उत्तर शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठावर नेऊन सोडले तर त्याला उत्तर मिळत नाही, आणि गुगललाही ते कळते. असे सरसकट मुखपृष्ठाकडे वळवलेले पत्ते गुगल पुष्कळदा ‘सॉफ्ट ४०४’ समजते, म्हणजे पान नाहीसेच झाले असे धरून चालते. जुन्या पानाने वर्षानुवर्षे जे काही कमावले असेल, ते अशा वळवणीतून पुढे जात नाही.

योग्य पद्धत अशी. जुन्या पत्त्यांची यादी करा. सर्च कन्सोलच्या तक्त्यातूनच ती उतरवून घेता येते. प्रत्येक पत्त्यासमोर त्याच विषयाचे नवे पान लिहा आणि जुना पत्ता ३०१ पद्धतीने, म्हणजे कायमस्वरूपी, थेट तिकडे वळवा. जिथे समोर लिहायला पानच नाही, तिथे आधी पान पुन्हा तयार करा. तुमची ती तीन पाने याच वर्गात मोडतात, आणि त्यांचे पत्ते पूर्वी होते तेच ठेवता आले तर वळवणीचाही प्रश्न उरत नाही. ज्या वस्तू किंवा सेवा तुम्ही खरोखर बंद केल्या आहेत, त्यांच्या पत्त्यांवर ४०४ येऊ द्यावे. त्यात काही गैर नाही. वळवण्या किमान एक वर्ष ठेवाव्यात असे गुगल सांगते. मी म्हणेन की वेबसाइट आहे तोवर त्या काढण्याचे कारणच नाही, कारण इतरांनी दिलेले दुवे जुन्याच पत्त्यांवर असतात.

साइटमॅपचाही, म्हणजे गुगलला द्यायच्या पत्त्यांच्या यादीचाही, प्रश्न पुढे निघेल, म्हणून आताच सांगतो. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे तुमच्यासाठी एकच पुरे. त्यातील ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रीक्वेन्सी’ ही दोन मूल्ये गुगल पाहत नाही. पान शेवटचे कधी बदलले ती तारीख मात्र खरी असेल तर उपयोगी पडते.

एक अवांतर सूचना: डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल या तिन्हींची मालकी तुमच्याच ईमेलवर असू द्या आणि विकसकाला केवळ वापराची परवानगी द्या. विकसक बदलतात, व्यवसाय राहतो.

अनुक्रमणिका

वरील निदानाशी मी सहमत आहे. पण ती तीन पाने जशीच्या तशी परत आणून थांबू नये, असे सुचवावेसे वाटते. छोट्या व्यवसायाला मोठ्या विक्रेत्यांच्या वेबसाइटशी ‘शिलाई मशीन’ या एका शब्दावर झुंजायचे असेल, तर ती झुंज जवळजवळ हरलेलीच असते. तिथे मोठ्या बाजारपेठांच्या वेबसाइट ठाण मांडून बसलेल्या असतात. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: रोज दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये काय बिघडते, याचे प्रत्यक्ष ज्ञान. शोधणारा माणूसही ‘आमच्या सेवा’ असे कधी टाइप करत नाही. तो ‘मशीनचा दोरा सारखा तुटतो’ किंवा ‘कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो’ असेच लिहितो.

या दुसऱ्या तक्रारीचेच उदाहरण घेऊ. गुंता कापडाच्या खालच्या बाजूला दिसतो, म्हणून ग्राहक बॉबिनची डबी खोलून बसतो. पण दोष बहुतेकदा वरच्या दोऱ्याच्या ओवणीत असतो. दाबपट्टी (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला की ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही आणि वरचा दोरा सैल सुटून खाली गोळा होतो. दाबपट्टी उचलून दोरा पुन्हा ओवला तर अनेकदा कारागिराची गरजच पडत नाही. असे पान जेव्हा मशीनच्या खऱ्या छायाचित्रासह, घरी काय करून पाहावे आणि केव्हा मशीन दुरुस्तीला आणावे हे स्पष्ट सांगते, तेव्हा ते वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवतो. फुकट सल्ला दिल्याने गिऱ्हाईक जाईल अशी भीती काही जणांना वाटते. मला ती खरी वाटत नाही, कारण ज्याचा प्रश्न ओवणीने सुटत नाही, त्याच्यासमोर तेव्हा तुमचाच फोन नंबर असतो.

गुगलच्या गुणवत्ता-परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘प्रत्यक्ष अनुभव’ ही कसोटी वाढवली गेली, ती याच अर्थाने. त्या परीक्षकांनी दिलेल्या गुणांवरून एखाद्या पानाचा क्रमांक थेट ठरत नाही, परंतु गुगलला कोणत्या प्रकारची पाने वर आणायची आहेत याचा अंदाज त्यातून येतो.

शीर्षकाविषयीही लिहिते. प्रत्येक पानाच्या टायटल टॅगमध्ये, म्हणजे शोधाच्या निकालात दिसणाऱ्या शीर्षकात, त्या पानाचा विषय ग्राहकाच्या शब्दांत असावा आणि व्यवसायाचे नाव शेवटी यावे. सर्व पानांवर ‘मुखपृष्ठ – अमुक एंटरप्रायझेस’ असेच शीर्षक असलेल्या वेबसाइट मी आजही पाहते. शीर्षक फारच मोघम किंवा शब्दांनी खच्चून भरलेले असेल, तर गुगल ते बाजूला ठेवून पानावरील मथळ्यातून स्वतःचे शीर्षक बनवते. मेटा डिस्क्रिप्शनचा, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या पानाच्या थोडक्यात वर्णनाचा, क्रमांकावर परिणाम होत नाही, पण ते शोधाच्या निकालाखाली दिसू शकते, म्हणून माणसाला वाचण्यासारखे लिहावे.

आणि एक गोष्ट करू नये. प्रत्येक भागाचे नाव बदलून तोच मजकूर असलेली डझनभर पाने तयार करण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. अशी पाने गुगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी निषिद्ध आहेत.

खटपट्या

मजकुराचे महत्त्व मान्य करूनही मला वाटते की वेगाकडे येथे दुर्लक्ष होत आहे. नव्या देखण्या वेबसाइटवर बहुधा मोठे फिरते स्लायडर (आपोआप बदलणारी चित्रे) असते आणि मोबाइलवर ते उघडेपर्यंत माणूस परत फिरतो. गुगलचे निकष स्पष्ट आहेत: पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा आणि मांडणी हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत राहावा. यांपैकी प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ मध्ये बदलला, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नये. शिवाय बॅकलिंकची इतकी टिंगल करण्याचे कारण मला कळले नाही. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची, म्हणजे पानाचे महत्त्व मोजण्याची, जी कल्पना मांडली, ती दुव्यांवरच उभी होती.

कोळिष्टक

वेगाचे निकष तुम्ही अचूक दिले आहेत आणि स्लायडर काढावे हा सल्ला तर मीही देईन. फक्त त्याचे वजन किती, हा प्रश्न आहे. पान वापरण्याचा अनुभव काहीसा कमी असला, तरी मजकूर अधिक समर्पक असेल तर तेच पान वर येऊ शकते, ही गुगलची जाहीर भूमिका आहे. ज्या पानाचे अस्तित्वच संपवले गेले आहे, ते कितीही वेगाने उघडले तरी उपयोग नाही. शिवाय पेजस्पीड इन्साइट्स या वेग तपासण्याच्या गुगलच्या साधनात दिसणारे शंभरपैकी गुण ही प्रयोगशाळेतील एका चाचणीची नोंद असते. वरील निकष मात्र प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांच्या नोंदींवर, त्यांतील ७५ टक्के भेटींना लागू होतात का, असे मोजले जातात. पुरेशा भेटी नसलेल्या छोट्या वेबसाइटसाठी अशा नोंदी अनेकदा उपलब्धच नसतात. म्हणून मोठी छायाचित्रे योग्य मापाची करून वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवावीत, अगदी वरच्या छायाचित्राला ‘लेझी लोडिंग’ (गरज पडेल तेव्हाच चित्र उतरवणे) लावू नये, आणि ९२ चे ९८ करण्याच्या मागे लागू नये.

दुव्यांचेही तसेच. दुव्यांचे महत्त्व कोणी नाकारलेले नाही. प्रश्न विकत घेतलेल्या दुव्यांचा आहे. त्यांच्याविरुद्ध एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या पेंग्विन या गुगलच्या क्रमवारीतील बदलाने असंख्य वेबसाइट खाली गेल्या. २०१६ पासून अशा दुव्यांकडे मुख्यतः दुर्लक्ष केले जाते, म्हणजे नशीब चांगले असेल तर पैसे फुकट जातात आणि वाईट असेल तर कारवाईची नोटीस सर्च कन्सोलमध्ये येते. सुईदोरा यांना खरे दुवे मिळण्याच्या जागा जवळच आहेत. ज्या कंपन्यांच्या मशीन ते विकतात, त्यांच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत त्यांचा दुवा आहे का? शिवणकामाचे वर्ग चालवणाऱ्या संस्था आपल्या विद्यार्थ्यांना दोष ओळखण्याच्या पानाचा दुवा देतील का? असे पाच-सहा दुवे डिरेक्टऱ्यांच्या ढिगापेक्षा मोलाचे आहेत.

खटपट्या

खऱ्या वापरकर्त्यांच्या नोंदींचा मुद्दा पटला. स्लायडरविषयी मात्र मी ठाम आहे; ते आजच काढावे.

मितभाषी

गुगल बिझनेस प्रोफाइलचा, म्हणजे गुगलच्या नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीचा, विषय कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. दुरुस्तीसारख्या सेवेचे ग्राहक नकाशासह दिसणाऱ्या यादीतूनच अधिक येतात. त्या यादीतील क्रम समर्पकता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन बाबींवर ठरतो, असे गुगल सांगते. अंतर आपल्या हातात नाही. समर्पकतेसाठी मुख्य वर्ग नीट निवडावा. दुरुस्ती हा व्यवसायाचा गाभा असेल, तर ‘विक्रेता’ हा मुख्य वर्ग ठेवून दुरुस्तीच्या शोधात वर येण्याची अपेक्षा करू नये. व्यवसायाच्या नावात मात्र शोधशब्द घुसडू नयेत. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे प्रोफाइल स्थगित होऊ शकते. अभिप्राय प्रत्येक ग्राहकाकडे मागावेत, केवळ खूश दिसणाऱ्यांकडे नाही, आणि त्यांच्या बदल्यात सवलत देऊ नये. वाईट अभिप्रायाला शांतपणे उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे ग्राहक अधिक वाचतात.

सुईदोरा

प्रोफाइलवर मुख्य वर्ग ‘विक्रेता’ असाच होता, तो बदलला. तीन पानांपैकी दोरा तुटण्याचे पान जुन्याच पत्त्यावर परत आणले असून, कारागिराकडून सुईच्या चपट्या बाजूची आणि शटलवरील ओरखड्याची जवळून छायाचित्रे काढून घेतली आहेत. उरलेली दोन पाने चालू आहेत. आता दोन शंका. एक म्हणजे, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एकदम शंभर लेख लिहून घ्यावेत असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे; त्याने वेग येईल का? दुसरी म्हणजे, परिणाम दिसायला साधारण किती काळ लागतो?

अनुक्रमणिका

मजकूर कोणत्या साधनाने लिहिला, याला गुगलची हरकत नाही. मात्र केवळ शोधात वर येण्यासाठी, वाचणाऱ्याला काहीही नवे न देणारी पाने घाऊक प्रमाणात काढणे हे मार्च २०२४ पासून स्पॅम धोरणात स्पष्टपणे समाविष्ट आहे. शटलवरील ओरखड्याचे छायाचित्र तुमच्या कारागिराने काढलेले आहे. त्या शंभर लेखांत असे काय असणार? भाषा सुधारण्यासाठी किंवा मुद्द्यांचा क्रम लावण्यासाठी साधन वापरायला हरकत नाही, पण मशीनविषयीची माहिती तुमच्या दुकानातूनच यायला हवी.

काळाविषयी सांगायचे तर, सुधारणा केल्यापासून लाभ दिसेपर्यंत बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गुगलने २०१७ मध्ये एका व्हिडिओत सांगितले होते. तुमची पाने पूर्वी चालत होती आणि एक पान जुन्या पत्त्यावरच आले आहे, त्यामुळे ते तुलनेने लवकर सावरेल असे मला वाटते. ते पान सर्च कन्सोलमधील यूआरएल तपासणीत टाकून इंडेक्स करण्याची विनंती एकदा करा. तीच विनंती रोज केल्याने काम लवकर होत नाही.

कोळिष्टक

यापुढे मोजणी कशी करावी, तेवढे सांगतो. आपल्याच फोनवर शोधून क्रमांक पाहू नका. निकाल ठिकाणानुसार बदलतात आणि तुम्ही तर दुकानातच बसून शोधणार, म्हणजे नकाशाच्या यादीत स्वतःला वरच दिसणार. सर्च कन्सोलमधील ‘सरासरी क्रमांक’ हा आकडाही एकटा पाहू नये. दोरा तुटण्याचे पान स्थिरावले की ते पूर्वी कधीही न दिसलेल्या अनेक शोधांसाठी चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावर दिसू लागेल आणि त्यामुळे सरासरी खालावल्यासारखी वाटेल, जरी मूळ शोधातील क्रमांक सुधारलेला असला तरी. म्हणून आधी त्या एका पानाचा फिल्टर लावा, मग त्यातील महत्त्वाचा एकेक शोधशब्द निवडा आणि २८ दिवसांची मागील २८ दिवसांशी तुलना करा. इम्प्रेशन (शोधात पान किती वेळा दिसले) वाढत असतील आणि क्लिक स्थिर असतील, तर शीर्षकाकडे पाहा, तसेच त्या शोधात गुगल स्वतःच वर एआयचे उत्तर दाखवते आहे का तेही पाहा. तसे असेल तर क्लिक कमी येण्याचे कारण शीर्षकात नसेल. इम्प्रेशनच वाढत नसतील, तर उरलेल्या दोन पानांचे काम संपवून मगच नवा आकडा काढा.